जिनिंगमधला वाईस चौथऱ्यावर नको, कामावर हवा

संपादक महोदय,

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात एके काळी सहकारी जिनिंग-प्रेसिंगचा, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना होता. तो अवसायनात निघाला, म्हणजे बंद करून त्याची मालमत्ता विकायला काढली, त्यालाही आता बराच काळ लोटला. यंत्रे, छपराचे पत्रे, पट्ट्यांच्या पुल्या आणि बॉयलरचे उरलेसुरले भाग लिलावात टनाच्या भावाने गेले. त्याच लिलावातून फिटरखान्यातील एक मोठा, जुना, इंग्रजी बनावटीचा वाईस, म्हणजे काम करताना वस्तू दोन जबड्यांत घट्ट पकडून ठेवणारे साधन, गावातील काही शेतकऱ्यांनी वर्गणी करून भंगाराच्या दराने सोडवून घेतला आणि गेल्या उन्हाळ्यात त्याची संपूर्ण दुरुस्ती झाली. आता तो चालू स्थितीत आल्यावर त्याचे करायचे काय, यावरून गावात वाद सुरू आहे, आणि असा वाद बंद पडलेल्या कोणत्याही कारखान्याच्या गावात उद्या उभा राहू शकतो, म्हणून हे पत्र. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर व्यवसायाचा शिल्पनिदेशक, म्हणजे प्रात्यक्षिक शिकवणारा शिक्षक होतो आणि या दुरुस्तीत माझाही हात होता. तेव्हा माझे मत तटस्थ आहे असा दावा मी करणार नाही.

कापसाच्या कारखान्यात एवढा मोठा वाईस कशासाठी, असे नव्या पिढीतील अनेकांनी विचारले. पुलगाव-आर्वी किंवा मूर्तिजापूर-यवतमाळ यांसारख्या अरुंद रुळांच्या रेल्वेलाइनी ज्या काळात कापसाच्या वाहतुकीसाठी टाकल्या गेल्या, त्या काळापासून प्रत्येक जिनिंगला स्वतःचा फिटरखाना असे, कारण ऐन हंगामात यंत्र बंद पडले तर ते दुरुस्तीला नागपूर-मुंबईला पाठवण्याची सोय नव्हती आणि फाटकाबाहेर तर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असायची. रोलर जिनमध्ये कातड्याचा रोळ आणि त्याला टेकलेली सुरी यांच्यामधून रुई ओढली जाते व सरकी मागे राहते. रोळ झिजतो, सुरीची कड बोथट होते, शाफ्टखालचे बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) ढिले पडतात. सुरीला कानस मारणे, नवा बुश खरवडून शाफ्टला बसवणे, वाकलेला दांडा सरळ करणे ही सगळी कामे वाईसच्या जबड्यातच होत. आमच्या वाईसचा जबडा आठ इंच रुंद आहे, अंग बिडाचे (ओतीव लोखंडाचे) आहे, आतला स्क्रू चौकोनी आट्यांचा आहे आणि एकूण वजन साठ किलोच्या घरात आहे. रंगाचे थर खरवडल्यावर बाजूला इंग्लंडच्या बनावटीची ओतीव अक्षरे दिसली. कारखानदाराचे नाव मात्र पूर्ण झिजून गेले आहे.

दुरुस्तीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण असा वाईस अनेकांच्या गोठ्यात किंवा गोदामात पडून असेल आणि तो 'जाम झाला' एवढ्यावरूनच निकालात काढला जात असेल. जाम झालेला स्क्रू फिरवण्यासाठी हँडलमध्ये लांब पाइप घालून जोर लावणे ही सर्वांत वाईट गोष्ट होय. हँडलची लांबी बनवणाऱ्याने विचार करून ठरवलेली असते, हाताच्या जोराने पुरेशी पकड बसावी पण बीड तडकू नये एवढीच ती असते. आमच्या वाईसचे हँडल मधोमध वाकलेले होते, म्हणजे हा प्रयोग पूर्वी कोणीतरी केलेलाच होता. आम्ही स्क्रू आणि नटाच्या सांध्यात डिझेल व गिअर ऑइलचे मिश्रण सोडून तो तसाच मुरू दिला, अधूनमधून लाकडी हातोड्याने हलकेच ठोकत राहिलो आणि शेवटी नटाभोवतीचा भाग थोडा गरम केल्यावर स्क्रू सुटला. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असते, त्यामुळे तो कोरडा घासून धूळ उडवण्याऐवजी ओला करून खरवडला.

गंज उतरवण्यासाठी प्लास्टिकच्या पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा घेऊन बॅटरी चार्जरची ऋण तार वाईसच्या सुट्या भागाला व धन तार भंगारातील लोखंडी पत्र्याला जोडली. या पद्धतीत गंजाचा काळा, सैल थर होतो व तो तारेच्या ब्रशने सहज निघतो. खालचे चांगले लोखंड खाल्ले जात नाही, आणि आम्लाच्या बाबतीत ही खात्री देता येत नाही. मात्र यात हायड्रोजन वायू निघतो, म्हणून पिंप उघड्यावर आणि ठिणगीपासून लांब ठेवावे लागते, तारा काढण्याआधी चार्जर बंद करावा लागतो, आणि धन बाजूला स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधीही लावू नये, कारण त्यातील क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. हे मी मुद्दाम लिहीत आहे. आमच्याकडे पिंपाभोवती पाहायला जमलेल्यांपैकी एका उत्साही गृहस्थांच्या हातात पेटती बिडी होती.

खरी अडचण होती ती भेगेची. मागच्या, स्थिर जबड्याखाली एक तिरपी भेग गेलेली होती व तिच्यावर पूर्वी कोणीतरी साध्या रॉडने वेल्डिंग केले होते. बिडात कार्बनचे प्रमाण साधारण २ ते ४ टक्के असते, साध्या पोलादात ते पाव टक्क्याच्या आसपास. म्हणून बिडावर साधे वेल्डिंग केले की सांध्यालगतचा पट्टा काचेइतका ठिसूळ होतो आणि नवी भेग तिथूनच सुरू होते. इथेही नेमके तेच झालेले होते. जुने वेल्डिंग घासून काढले, भेग पुढे पळू नये म्हणून तिच्या दोन्ही टोकांना बारीक भोके पाडली, भेगेची खाच रुंद केली आणि गावच्या लोहारदादांच्या भात्यावर सबंध अंग सावकाश तापवून टाकणखाराच्या साहाय्याने पितळी झाळ भरली. त्यानंतर ते अंग कोरड्या राखेत पुरून थंड होऊ दिले. तापलेले बीड उघड्या वाऱ्यावर एकदम निवले असते तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती. जबड्यांच्या गुळगुळीत झालेल्या पट्ट्या काढून त्यांच्या जागी ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून नव्या पट्ट्या बनवल्या. त्यांवर कानसेने तिरप्या रेघा पाडून त्या लाल तापवल्या व तेलात बुडवून कडक केल्या आणि मग पुन्हा मंद तापवून त्यांचा कडकपणा थोडा उतरवला. हे काम लोहारदादांनी केवळ तापल्या पट्टीचा रंग पाहून केले. संस्थेत आम्ही हेच फळ्यावर आकडे लिहून शिकवत असू, एवढेच मी नम्रपणे नमूद करतो. झिजलेला नट तालुक्याच्या लेथवर गनमेटलचा नवा करून घेतला.

जे मुद्दाम केले नाही तेही सांगितले पाहिजे. अंगावरचे घणाचे जुने घाव ग्राइंडरने घासून चकचकीत केले नाहीत. रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर साधा राखाडी रंग, एवढ्यावरच थांबलो. सरकपट्टी आणि स्क्रू यांना रंगाऐवजी तेल लावले.

आता प्रश्न त्याच्या पुढील आयुष्याचा. भंगारवाल्याचा प्रस्ताव सर्वांनी एकमताने फेटाळला, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. शहरातील एका हॉटेलच्या सजावटीसाठी चांगली किंमत देण्याची तयारी एका गृहस्थांनी दाखवली, आणि वर्गणीदारांपैकी काहींना ती पटलीही, कारण दुरुस्तीचा खर्च त्यातून भरून निघाला असता. परंतु सर्वांत जोरदार सूचना आली ती गावाच्या प्रवेशद्वाराजवळ चौथरा बांधून, चंदेरी रंग देऊन, त्यावर वाईस बसवावा अशी. या सूचनेमागचा आदर मला समजतो. ज्या कारखान्याने गावातील घरांना हंगामी का होईना रोजगार दिला, त्याची काहीतरी खूण राहावी असे वाटणे स्वाभाविक आहे. पण पोळ्याला बैलाची मिरवणूक निघते ती तो वर्षभर औत ओढतो म्हणून. चौथऱ्यावर बसवलेला वाईस तर एका पावसाळ्यात पुन्हा गंजेल, स्क्रू पुन्हा जाम होईल, आणि दर वर्षी झेंडावंदनाच्या आधी त्यावर रंगाचा आणखी एक थर चढेल. आम्ही जे खरवडून काढले तेच पुन्हा वर चढवण्यासाठी हा खटाटोप नव्हता.

वस्तुसंग्रहालयाला द्यावा, असेही एका शिक्षकांनी सुचवले. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ पासून ग्रामोद्योगाची साधने जपत आले आहे, नागपूरचा अजबबंगला तर १८६३ सालचा, आणि मोतीबागेत अरुंद रुळांच्या रेल्वेचेही संग्रहालय आहे. या संस्थांबद्दल मला नितांत आदर आहे, तरीही माझे उत्तर नाही असेच आहे. संग्रहालयाने जपावे ते दुर्मिळ असावे किंवा वापरातून कायमचे गेलेले असावे. हा वाईस दुर्मिळ नाही, आणि ज्या कामासाठी तो ओतला गेला ते काम गावातून संपलेलेही नाही. डवऱ्याची वाकलेली पास, पेरणीयंत्राचा दात, मोटरपंपाचे कपलिंग, ट्रॉलीच्या हुकाची पिन यांपैकी काहीही बिघडले की आजही शेतकरी तालुक्याला जातो आणि पेरणीच्या किंवा फवारणीच्या ऐन दिवसांत त्याचा अख्खा दिवस त्यात मोडतो. यातील निम्मी दुरुस्ती एक भक्कम वाईस, दोन चांगल्या कानसी, एक हॅकसॉ आणि ती कशी धरायची हे जाणणारा माणूस असला तर गावातच होण्यासारखी असते.

म्हणून माझे म्हणणे असे की, ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामातील एक खोली यासाठी द्यावी आणि वाईस तेथे जाड सागवानी टेबलावर आरपार बोल्टांनी बसवावा. स्थिर जबडा टेबलाच्या कडेच्या किंचित पुढे यावा, म्हणजे लांब पहार किंवा पाइप उभा पकडताना खाली अडत नाही. आणि जबड्याचा माथा काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला असावा, नाहीतर कानस सपाट चालत नाही व खांदे भरून येतात. फिटरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सुरुवातच कानसकामाने होते: लोखंडाचा एक ठोकळा पकडायचा, त्याची एक बाजू सपाट करायची, गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) लावून फटीतून उजेड येतो का ते पाहायचे आणि येत असेल तर पुन्हा कानस घ्यायची. गावातील जी मुले दहावीनंतर या प्रशिक्षणाला जाऊ इच्छितात, त्यांनी त्याआधी एखादी सुट्टी या टेबलापाशी घालवली तर आपल्याला हे काम आवडते की नाही, हे त्यांना प्रवेश घेण्यापूर्वीच कळेल.

यावर दोन आक्षेप आहेत व ते रास्त आहेत. पहिला चोरीचा, साठ किलोचा वाईस बोल्ट वेल्ड केल्यावर सहजासहजी जात नाही, तरी खोलीला कुलूप आणि किल्लीला एक जबाबदार माणूस लागेलच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, असा गावोगावचा अनुभव आहे, आणि सामायिक फवारणी पंपांची आमच्याकडे काय गत झाली हे मी येथे सांगत बसत नाही. म्हणून किल्ली लोहारदादांकडे असावी, वापराचे माफक शुल्क त्यांनी घ्यावे व त्यातून तेल, कानसी आणि हॅकसॉची पाती यावीत, असे मी सुचवले आहे. वाईसवर ऐरणीसारखे घण घालू नयेत आणि हँडलला पाइप लावू नये, हे दोन नियम मोडणाऱ्याला पुन्हा आत घेऊ नये. लोहारदादा हे नियम पाळून घेतील, याबद्दल गावात कोणालाही शंका नाही. त्यांच्या धाकाने पंचायतीचे सदस्यही परवानगी विचारून आत जातात.

या निमित्ताने सहकार विभागाकडे एक विनंती आहे. विदर्भात बंद पडलेल्या जिनिंग, सूतगिरण्या आणि साखर कारखाने यांच्या मालमत्तेचे लिलाव होत असतात. त्यांत हत्यारे व दुरुस्तीची साधने भंगारासोबत एकाच ढिगात, वजनावर विकली जाणे हे थोड्याशा काळजीने टाळता येण्यासारखे आहे. अवसायकांनी, म्हणजे बंद संस्थेची मालमत्ता विकणाऱ्या अधिकाऱ्यांनी, संस्थेच्या जडवस्तू नोंदवहीवरून वाईस, ऐरण, हाताने चालणारे ड्रिल, पुली काढण्याचे पुलर, आटे पाडण्याचे संच यांची वेगळी यादी करावी, जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील एखाद्या शिल्पनिदेशकाकडून ती तपासून घ्यावी आणि जे वापरण्याजोगे आहे ते लिलावाच्या दिवशीच त्या गावाला किंवा संस्थेला वजनाच्या दरात घेण्याची पहिली संधी द्यावी. सभासदांना मिळायचे तेवढे पैसे यात मिळतातच.

आमच्या गावात येत्या ग्रामसभेत या विषयावर निर्णय होणार आहे. चौथऱ्यासाठी विटा येऊन पडल्या आहेत, त्या गोदामाच्या फरशीखाली वापरता येतील, हेही मी तेथे सांगणार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्पनिदेशक
ता. आर्वी, जि. वर्धा