नदीकाठचं उपनगर म्हणता, मग नदीवर जायचा रस्ता कुठंय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

काल रविवारच्या पुरवणीत तुम्ही आमच्या भागावर अख्खं पान छापलं, ते वाचल्यापासून डोक्यात तेच चालू होतं, रात्री झोप पण नीट लागली नाही, म्हणून आज डबे भरून झाले आणि आधी हे लिहायला बसले. शहर जवळ, नदी जवळ, तरी गावाचा फील, असं सगळं छान छान लिहिलंय. आम्ही निमखेडी शिवारात सोळा वर्षांपासून राहतो. ज्यांनी ते पान लिहिलं ते इथं किती वेळ थांबले ते मला माहीत नाही, पण थांबले असते तर तो मोठा फोटो छापला नसता. दोन्ही काठ भरून वाहणारी नदी आणि कडेला हिरवळ, ही आमची गिरणा नाही हो. कळवणच्या डोंगरातून निघून मालेगाव, भडगाव, पाचोरा करत ती आमच्यापर्यंत येते तोवर तिच्यात काय उरतं ते जळगावातल्या कुठल्याही माणसाला विचारा. गिरणा धरणातून आवर्तन सुटलं की चार दिवस पाणी दिसतं, नाहीतर पावसाळा. बाकी वर्षभर दगड, गाळ आणि खड्डे. पाणी अडवायला सात बलून बंधारे, म्हणजे रबरी फुग्याचे बंधारे, होणार म्हणून कित्येक वर्षं ऐकतोय, त्याबद्दल त्या पानावर एक ओळ नाही.

गावपण आहे, नाही असं मी म्हणत नाही, उलट त्याच्यासाठीच आम्ही इथं प्लॉट घेतला. तेव्हा गल्लीत तीनच घरं होती, बाकी सगळीकडे कपाशी आणि त्याच्या पलीकडे केळी. आधार कार्डावर अजून गट नंबर आणि शिवार लिहिलेलं आहे, नगर-बिगर काही नाही. सकाळी गोठ्यावरून दूध आणायचं, थंडीत कोणाच्या तरी अंगणात पऱ्हाट्या पेटवून भरताची वांगी भाजलेली असायची आणि वास आमच्या ओट्यापर्यंत. रात्री गच्चीवर गेलं की पलीकडे बांभोरीच्या टेकडीवर विद्यापीठाचे लाईट दिसतात. हे सगळं मला आवडतं आणि अजून थोडंफार टिकून आहे. पण गाव म्हणजे नुसता वास आणि देखावा नसतो साहेब, गावाला नदीवर जायचा रस्ता असतो. तोच आमचा बंद झालाय.

आता मी जे सांगणार आहे ते गेल्या श्रावणातलं आहे, पण कालचं पान वाचून पुन्हा तितकंच लागलं.

आमच्याकडे कानबाई बसते, आमची खान्देशची देवी. खान्देशातल्या वाचकांना हे सांगायची गरज नाही, नागपंचमीनंतरचा पहिला रविवार. सगळी भाऊबंदकी आमच्याकडे जमते, धरणगावचे येतात, पारोळ्याचे येतात, घरातल्या पुरुषमाणसांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू काढून रोटांचं दळण होतं, रात्रभर गाणी, फुगड्या, कोणी झोपत नाही. सोमवारी सकाळी चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर जायचं, कानबाईचं विसर्जन करायचं आणि येताना त्याच चौरंगावर मूठभर नदीची वाळू घरी आणायची, ही आमच्या घरची रीत. ती वाळू वर्षभर पाण्याच्या माठाजवळ राहते. सासूबाईंचं वय ७८ आहे, लग्न झाल्यापासून त्यांनी हे एकदाही चुकवलेलं नाही.

घरापासून नदीपर्यंत एक जुना गाडरस्ता आहे, म्हणजे होता. दोन्ही बाजूला बाभळी आणि मधून बैलगाडीच्या चाकोऱ्या. त्याच रस्त्याने म्हशी पाण्यावर जायच्या, त्याच रस्त्याने आम्ही दरवर्षी कानबाई न्यायचो. गेल्या श्रावणात चौरंग घेऊन त्या वळणावर पोहोचलो तर समोर भिंत. सिमेंटच्या तयार फळ्या एकावर एक रचून उभी केलेली, माझ्या डोक्याच्या वर हातभर. आषाढात नव्हती. आत नवीन लेआउट पडलाय, पलीकडून प्लॉटवर चुना टाकलेला दिसत होता आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, रिव्हर टच. ढोलवाला पोरगा वाजवायचा थांबला. सासूबाई त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आते कानबाईले कथा लई जाऊत वं माय?" म्हणजे आता कानबाईला कुठं घेऊन जायचं गं बाई? डोक्यावर देवी आहे, खाली ठेवता येत नाही, मागे फिरवता येत नाही, पंधरा-वीस बायका चिखलात उभ्या आणि कोणालाच काही सुचेना.

शेवटी हायवेने वळसा घेतला. ज्यांनी तो हायवे पाहिलाय त्यांना कळेल मी काय म्हणते ते. एका बाजूने ट्रक, दुसऱ्या बाजूला साईडपट्टीवर डबकी आणि मधून नऊवारीतल्या म्हाताऱ्या बायका चौरंग सांभाळत चालल्यात. पाऊण तास लागला. पुलाजवळून खाली उतरलो तर काठ राहिलेलाच नाही, जेसीबीने सरळ उभा कापून टाकलाय. नदीत जागोजाग खड्डे आणि त्यात गढूळ पाणी साचलेलं, वरून सगळं सारखंच दिसतं. पुतण्याने हातातली काठी पाण्यात घातली, पूर्ण काठी आत गेली तरी तळ लागला नाही. मग एकाही बाईला पाण्यात उतरू दिलं नाही. काठावरूनच त्या पोराने वाकून विसर्जन केलं आणि आम्ही वरून हात जोडले.

आणि वाळू? वाळू नव्हतीच हो. खाली सगळा मुरूम आणि काळा गाळ. गिरणेच्या पात्रात मूठभर वाळू मिळू नये, हे मी कधी मनात पण आणलं नव्हतं. परत येताना हायवेच्या कडेला वळणावर डंपरमधून सांडलेली वाळू पडलेली होती, ओली, नुकतीच सांडलेली. सासूबाई तिथं खाली बसल्या आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी गोळा करून चौरंगावर ठेवली. आम्ही कोणीच काही बोललो नाही. पावसाळ्यात नदीतून वाळू काढायला बंदी असते ना? मग श्रावणात ती ओली वाळू डंपरमधून सांडली कशी?

रात्री दोन-अडीचला आमच्या खिडकीखालून डंपर जातात, लाईट बंद करून जातात, पुढे-मागे मोटारसायकलवर पोरं असतात कुठं कोण उभं आहे ते सांगायला. भांडी वाजतात रॅकमधली. हे सगळ्या निमखेडीला माहीत आहे, तुमच्या बातमीदारांना पण माहीत आहे, कारण ट्रॅक्टर पकडला, डंपर पकडला हे तुमच्याच पेपरात आतल्या पानावर छापून येतं. मग त्याच नदीवर रंगीत पान काढताना ते आठवलं कसं नाही? वाळू असली की पावसाचं पाणी धरून ठेवते, ते जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरी जिवंत राहतात, हे आमच्या सासऱ्यांनी शाळा न शिकता सांगितलेलं आहे. आमच्या गल्लीतली बोअर आता फेब्रुवारीतच गचके खायला लागते आणि मग टँकर. गावाचा फील घ्यायला आलेल्या लोकांना मे महिन्यात टँकरच्या पाइपसमोर ड्रम लावून उभं राहावं लागतं, तेही लिहा.

रस्त्याचं सांगते. मिस्टरांनी गावनकाशा काढून आणला. त्यावर दुहेरी तुटक रेषा आहे थेट नदीपर्यंत, म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट रुंदीचा. एकेरी तुटक रेषा असती तर पायवाट म्हटली असती. अडवलेला रस्ता मोकळा करून द्यायचा अधिकार तहसीलदारांना मामलतदार कोर्ट अ‍ॅक्ट १९०६ च्या कलम ५ मध्ये आहे, हे आम्हाला एका वकील ओळखीच्यांनी सांगितलं. आम्ही अर्ज घेऊन गेलो. एका टेबलावर सांगतात हा भाग आता शहरात आला, इकडे चालत नाही, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणतात हा शिवाररस्ता आहे, आमच्या यादीत नाही. पाच चकरा झाल्या. घरपट्टी भरायला आम्ही शहरातले आणि रस्ता मागायला गेलो की शिवारातले, असं कसं चालेल? आणि ज्या भिंतीवर रिव्हर टच लिहिलंय तिच्या आत प्लॉट घेणारे लोक पण उद्या फसणार आहेत, त्यांना नदी दिसेल, पण तिथं पोरं पोहायला पाठवायची त्यांचीही हिंमत होणार नाही.

आणखी एक. त्याच पानावर खाली कोपऱ्यात खान्देशी भरताची रेसिपी दिलीय आणि त्यात टोमॅटो घातलाय. आमच्याकडे भरतात टोमॅटो नसतो. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि बडजीत, म्हणजे लाकडी उखळीत, कुटलेली वांगी. जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, निदान जळगावच्या पेपराने तरी नीट छापायला पाहिजे होतं. हे लहान आहे मान्य, पण लिहिणारा माणूस इथं जेवला नाही एवढं त्यातून कळतं.

माझी विनंती एकच आहे. बातमीदाराला पाठवा, फोटोग्राफरला पाठवा, कुठल्याही दिवशी या, मी स्वतः सोबत चालते. आधी भिंतीपर्यंत जाऊ, मग हायवेने वळसा घेऊन पुलाखाली. येताना एक लांब काठी आणा. गावनकाशाची झेरॉक्स पत्रासोबत जोडलेली आहे, गाडरस्त्यावर लाल पेनाने खूण केली आहे. श्रावणाच्या आत हे झालं तर बरं, कारण सासूबाईंनी आत्तापासूनच विचारायला सुरुवात केलीय की यंदा कुठून जायचं, आणि माझ्याकडे उत्तर नाही.

आपली नियमित वाचक,
निमखेडी शिवार, जळगाव