फोटोखाली बॉडी बांधणाऱ्याचं नाव हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गाड्यांवर पानभर मजकूर आला. त्यात चिसितालिया २०२ या इटालियन गाडीचा फोटो पाहून फार आनंद झाला. पण फोटोखाली नुसती किंमत होती. गाडी कोणी बनवली, याचा उल्लेख नाही. राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

मी चाळीस वर्षं फिएटची कामं केली. पद्मिनीचं, म्हणजे आपल्याकडे बनलेल्या फिएट ११००चं, इंजिनाचं हेड किती वेळा उतरवलं, मोजदाद नाही. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, इंजिन १०८९ सीसीचं. चिसितालियाचं मापही हेच, कारण तिच्यातही फिएट ११००चंच इंजिन सुधारून बसवलंय. ताकद पन्नास-पंचावन्न अश्वशक्ती, तरी गाडी ताशी १६० किलोमीटरच्या घरात जायची. हलका सांगाडा आणि वारा कापणारी बॉडी, ही त्यामागची करामत.

गाडी काढली ट्युरिनच्या पिएरो दुसिओ यांनी. तरुणपणी युव्हेंटसकडून फुटबॉल खेळलेला आणि पुढे त्याच क्लबचा अध्यक्ष झालेला हा उद्योजक. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी फिएटचे अभियंते दान्ते जाकोझा यांच्याकडून पोलादी नळ्यांच्या सांगाड्याची छोटी रेसिंग गाडी आखून घेतली. २०२चं काम जोव्हान्नी साव्होनुत्सी यांनी पुढे नेलं आणि बंद बॉडी घडवली पिनिन फारिना यांच्या कारखान्याने.

त्याआधीच्या गाड्या आठवून पाहा. मडगार्ड वेगळे, दिवे वेगळे, मध्ये उंच बोनेट. इथे अॅल्युमिनियमचा पत्रा लाकडी साच्यावर हाताने ठोकून सगळं एका वळणात आणलं. बोनेट मडगार्डपेक्षा खाली, दिवे मडगार्डमध्येच. आमच्या गॅरेजमधले डेंटरकाका खड्डा काढला की डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचे. कुठे जराही उंचवटा लागला, तर लांबी (पुट्टी) न भरता पुन्हा हातोडी घ्यायचे. चिसितालियाच्या दारापासून मागच्या मडगार्डपर्यंतची रेघ बघताना मला तेच हात आठवतात.

१९४७च्या मिल्ले मिलिया या इटलीतल्या मोटार शर्यतीत ५४ वर्षांच्या नामांकित शर्यतपटू ताझिओ नुव्होलारींनी २०२चं उघडं रूप भर पावसात चालवलं आणि दुसरा नंबर काढला. पहिली आलेली आल्फा रोमिओ २.९ लिटरची होती! १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात २०२ होती. १९७२ मध्ये ती तिथल्या कायमच्या संग्रहात गेली.

दुसिओंचं पुढे वाईट झालं. त्यांनी पोर्शच्या मंडळींकडून बारा सिलिंडरची ग्राँ प्री शर्यतीची गाडी बनवून घ्यायला काढली आणि त्या खर्चात त्यांची चिसितालिया कंपनी बुडाली. ते अर्जेंटिनाला गेले. २०२ सगळ्या मिळून १७०च्या आसपासच बनल्या.

पुढच्या वेळी किंमत जरूर छापा, पण शेजारी बॉडी बांधणाऱ्याचंही नाव द्या, ही कळकळीची विनंती. ते पान मी गॅरेजच्या भिंतीवर लावलंय. फोटोखाली पेनने लिहिलंय : पिनिन फारिना, ट्युरिन.

आपला,
एक फिएट मिस्त्री, लालबाग, मुंबई