चौथ्या पातेल्याची मागणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मित्रमंडळींसोबत दुपारच्या जेवणाला कुठे जावे, या विषयावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला मजकूर वाचला. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील हॉटेलांची बैठकव्यवस्था, वातानुकूलन, गाड्या लावण्याची सोय यांचे त्यात सविस्तर वर्णन होते. मात्र शिफारस केलेल्या पदार्थांत पनीर टिक्का, व्हेज कोल्हापुरी, हक्का नूडल्स आणि पिझ्झा यांच्या पलीकडे फारसे काही नव्हते. लेखकाला मी दोष देत नाही, कारण दुपारी बारा ते तीन या वेळेत आपल्याकडील बऱ्याच हॉटेलांत खरोखरच हेच मिळते. माझे म्हणणे हॉटेलमालकांना उद्देशून आहे आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

खानदेशी जेवणाची हॉटेलांतली वेळ रात्रीची, हे आपण सर्वांनी निमूटपणे मान्य करून टाकले आहे. शेवभाजी म्हटली की महामार्गावरचा ढाबा, खाटा, रात्रीचे नऊ-दहा आणि पुरुषांची मैफल, असेच चित्र डोळ्यांसमोर येते. त्याच ढाब्यावर दुपारी गेले, तर ‘शेवभाजी संध्याकाळी, आता पनीर मसाला होईल’ असे उत्तर मिळते. मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आम्हा मैत्रिणींना एकत्र बसून जेवण्याची सवड मिळते ती शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी दुपारी. रात्री दहाला ढाब्यावर जाणे आमच्यापैकी बहुतेकींना जमत नाही आणि जमले तरी तिथे स्वस्थपणे बसवत नाही. म्हणजे ज्या प्रांताच्या स्वयंपाकघरात हे पदार्थ बायकांनी घडवले, त्याच प्रांतात बायकांना ते बाहेर बसून खाण्याची सोय जवळजवळ नाही. कॉलेजातल्या मुलामुलींची, कोर्टाच्या कामासाठी तालुक्याला आलेल्यांची आणि बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांची अडचणही हीच आहे. 2024 साली अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हा पुण्याहून आलेल्या माझ्या परिचितांनी दुपारी मला विचारले होते की इथले खास जेवण कुठे मिळेल. मी त्यांना घरीच नेले, कारण दुसरे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

हॉटेलमालकांची बाजू मला अगदीच ठाऊक नाही असे नाही. हॉटेलच्या भटारखान्यात सकाळी साधारण तीन ग्रेव्ह्या तयार करून ठेवतात : टोमॅटोची लाल, काजू-मगजाची पांढरी आणि कांद्याची पिवळी. मेनूकार्डावर दिसणाऱ्या शेकडा-दीडशे भाज्या याच तीन पातेल्यांतून निघतात. पनीर, काजू किंवा मटार बदलले की नाव बदलते. आचारी बहुधा परप्रांतातले असतात आणि त्यांचा हात या तीन पातेल्यांवर बसलेला असतो. खानदेशी रश्श्याला चौथे पातेले लागते. त्यासाठी कांदा आणि सुके खोबरे काळपट होईपर्यंत भाजावे लागते, आले-लसूण वाटावे लागते, दगडफुलासह गरम मसाला भाजून केलेला काळा मसाला घालावा लागतो आणि तेल सुटेपर्यंत परतत राहावे लागते. हे वेळखाऊ काम आहे, हे खरे.

पण ते काम सकाळी एकदाच करायचे आहे आणि त्यानंतर या एका पातेल्याचा उपयोग किती, तेही पाहावे. उकळत्या रश्श्यात जाड तिखट शेव टाकली की शेवभाजी होते, आणि ती शेव वाढतानाच टाकायची असते, नाहीतर तिचा गाळ होतो. म्हणजे ग्राहकाने सांगितल्यापासून पाच मिनिटांत वाटी टेबलावर येऊ शकते. बेसनाची पातोडी सकाळी थापून, काप करून ठेवली, तर त्याच रश्श्यात पातोडीची भाजी होते. डाळीचे पीठ कालवून उकळत्या रश्श्यात सोडले की डुबुकवडे तयार. उकडलेली अंडी सोडली तर अंडाकरी होते. ज्या हॉटेलात तीन पातेल्यांतून दीडशे भाज्या काढण्याचे कौशल्य आहे, तिथे चौथ्यातून चार काढणे अवघड नसावे.

या संदर्भात एक तक्रारही नोंदवते. अलीकडे काही मोठ्या हॉटेलांत ‘शेवभाजी’ म्हणून जे येते, ती त्याच लाल ग्रेव्हीत बारीक शेव भुरभुरवून आणलेली भाजी असते. तिला गोडसर चव असते, वरून सायही घातलेली असते. खानदेशी रश्श्याचा रंग काळसर तपकिरी असतो आणि त्यावर तर्री दिसते. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांच्यासाठी तर्री वेगळ्या वाटीत द्यावी, हे अनेक साध्या खाणावळी आजही करतात. साय घालून तिखटपणा मारण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सोपा आणि प्रामाणिक आहे.

आता पोळी-भाकरीविषयी. तंदूर रोटी एक माणूस भट्टीपाशी उभा राहून पन्नास जणांना पुरवतो. भाकरीला थापणारा हात लागतो, आणि तो हात बहुधा एखाद्या बाईचा असतो. अडचण खरी इथे आहे, असे मला वाटते. परंतु आपल्या तालुक्यांत बचत गटांच्या कितीतरी महिला रोज भाकरी, बिबड्या, पापड करून विकतात. त्यांच्यापैकी दोघींना दुपारच्या तीन तासांसाठी मानाने आणि रास्त मोबदल्यावर बोलावले, तर दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) गरम भाकरी ताटात पडू शकेल. हॉटेलच्या दर्शनी भागात चूल मांडून दादरची भाकरी थापताना दिसली, तर ग्राहकाला आत बोलवायला वेगळी पाटी लावावी लागणार नाही. रब्बीच्या दादर ज्वारीची पांढरी भाकरी आणि रश्श्याचा काला ज्याने एकदा खाल्ला, तो तंदूर रोटी मागत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

दुपारी खानदेशी जेवण कुठेच मिळत नाही, असे मात्र मुळीच नाही. हिवाळ्यात जळगाव शहरात आणि यावल-फैजपूरच्या बाजूला भरीत केंद्रे सुरू होतात, तिथे दुपारी जाऊन बसता येते, आणि मित्रमंडळींसह जेवायला जाण्यासाठी खानदेशात याहून योग्य जागा मला सुचत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते वांगे हिरवट पांढरे, मोठे आणि कमी बियांचे असते. ते गॅसवर नव्हे, तर तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजतात. जाळ भरभर पेटतो आणि लवकर विझतो, त्यामुळे वांगी सारखी उलटवावी लागतात. साल काळी पडून फुटली की देठाशी धरून सोलतात आणि गर लाकडी बडगीत टाकून हिरव्या मिरच्या व लसणासह मुसळीने ठेचतात. मिक्सर वापरत नसल्यामुळे गराचे धागे शाबूत राहतात आणि काड्यांचा धुरकट वास त्यात टिकतो. मग शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि कांद्याची पात घालून फोडणी दिली जाते. चांगले केंद्र ओळखायचे असेल, तर पाटीकडे न पाहता बाजूला काड्यांचा ढीग आणि राख आहे की नाही ते पाहावे. (तेलाचा हात मात्र हल्ली सगळीकडेच सैल झाला आहे, भरिताभोवती तेलाचे तळे साचणे ही काही खानदेशी परंपरा नव्हे.)

भरीत किलोवर विकले जाते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एकट्या माणसाने ते घ्यावे कसे, हा प्रश्नच पडतो. चार-पाच जण असतील तर किलोभर भरीत, कळण्याच्या भाकरी किंवा पुऱ्या, मुळा आणि कच्चा कांदा एवढ्यावर जेवण रंगते. वरण-बट्टीचेही तसेच आहे. बट्ट्या भाजायच्या, कापून तळायच्या, सोबत तुरीचे वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी करायची, हा घाट दोन माणसांसाठी कोणी घालत नाही. आपल्या बऱ्याच पदार्थांची मोजदाद पंगतीच्या हिशोबाने होत आली आहे. म्हणूनच मित्रमैत्रिणींचा घोळका हा या जेवणाचा सर्वांत योग्य ग्राहक आहे आणि हॉटेलांनी नेमके त्यालाच दुर्लक्षिले आहे. काही खाणावळी आठवड्यातून एक दिवस दुपारी वरण-बट्टी करतात व आदल्या दिवशी सांगितले तर जागा राखून ठेवतात. ही पद्धत उत्तम आहे. फक्त तो दिवस कोणता, हे बाहेर फळ्यावर लिहायला हवे. सध्या ते नेहमीच्या गिऱ्हाइकांनाच ठाऊक असते.

मांड्यांविषयी मी फार आशा धरत नाही. उलट्या खापरावर पुरणाचा मांडा टाकणे हे हातखंडा असलेल्या बाईचेच काम आहे आणि ते रोजच्या मेनूकार्डात बसणारे नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास आमरसासोबत, आगाऊ मागणी घेऊन, आठवडाभर जरी कुणी हे केले तरी पुष्कळ झाले.

धुळ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे दुपारीसुद्धा ढाबे भरलेले असतात आणि चालकांच्या गर्दीमुळे रस्सा दिवसभर शिजत असतो. लळिंगचा किल्ला सकाळी पाहून उतरल्यावर जेवायचे असेल, तर चकचकीत काचांच्या हॉटेलापेक्षा जिथे ट्रक उभे आहेत अशी जागा निवडावी, हा जुना सल्ला अजूनही खोटा ठरलेला नाही. फक्त स्वच्छतागृहाची चौकशी जेवण सांगण्यापूर्वी करावी. नंदुरबारकडे वळले की चव बदलते. मिरचीची एवढी मोठी बाजारपेठ असलेल्या गावात तिखट मिळणारच, पण सुरतेच्या रेल्वेमार्गामुळे खमण, फाफडा यांचाही शेजार आहे. नवापूरचे रेल्वेस्थानक तर निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत आहे. तिथल्या ताटात गुजराती कढी आली तर तक्रार करण्याचे कारण नाही. ती त्या मातीचीच आहे.

शेवटचा मुद्दा बसण्याच्या जागेचा. आपल्या हॉटेलांत दोनच कप्पे असतात : ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र व्यवस्था’ असे लिहिलेली पडद्याआडची खोली आणि दुसरीकडे परमिट रूम. चार मैत्रिणी आत शिरल्या की वेटर गोंधळतो. ‘अजून कोणी येणार आहे का?’ असे विचारतो, म्हणजे सोबत पुरुषमाणूस आहे का, असे त्याला विचारायचे असते. मग आम्हाला पंख्याखालच्या कोंदट खोलीत बसवले जाते. कॉलेजच्या मुलामुलींना तर कित्येकदा उभेही करत नाहीत. मित्रमैत्रिणी नावाचा एक ग्राहकवर्ग आहे, तो कुटुंबही नाही आणि मद्यपीही नाही, हे ओळखून दर्शनी भागात पाच-सहा जणांची दोन मोठी टेबले दुपारपुरती राखून ठेवावीत. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा सावली, माठाचे गार पाणी आणि मागितल्यावर न कुरकुरता आणून दिलेले ताक यांची किंमत वातानुकूलनाइतकीच आहे, हेही नमूद करते.

हॉटेले व खाणावळी यांची नावे मी मुद्दाम लिहिलेली नाहीत, कारण पत्रव्यवहाराच्या स्तंभाचे जाहिरातीत रूपांतर व्हावे, अशी इच्छा नाही. आपल्या दैनिकाला मात्र हे काम रीतसर करता येईल. तिन्ही जिल्ह्यांत आपले तालुका वार्ताहर आहेत. दुपारी बारा ते तीन या वेळेत खानदेशी रस्सा कुठे शिजतो, बट्टी कोणत्या वारी होते, भाकरी मिळते की नाही आणि स्त्रिया निर्धास्तपणे बसू शकतात की नाही, एवढी माहिती त्यांच्याकडून मागवून तालुकावार छापावी. दिवाळीनंतर भरिताचा हंगाम सुरू होताना ती छापली, तर वाचक आणि हॉटेलमालक दोघांनाही तिचा उपयोग होईल. अमळनेर तालुक्यापुरती यादी मी स्वतंत्र कागदावर पाठवत आहे. प्रत्येक नावापुढे भाकरी दादरची की संकरित ज्वारीची, हेही लिहिले आहे.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)