फोटोतला रॅम्प मोजून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात जिल्हा दिव्यांग समितीची बैठक ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ पार पडल्याची बातमी आणि सोबत चार कॉलमी फोटो छापलात, त्याबद्दल आभार. विशेषतः फोटोबद्दल. बातमीत जे नाही ते सगळे फोटोत आहे.

शाल-श्रीफळाच्या रांगेमागे नव्या इमारतीचा रॅम्प दिसतो. शेजारी पायऱ्या तीन. एक पायरी साधारण 15 सेंटीमीटरची धरली तर चढ झाला 45 सेंटीमीटर. रॅम्पच्या कडेला फुटाच्या फरश्या आहेत, त्या मोजल्या तर सात भरतात. म्हणजे लांबी जेमतेम 2.1 मीटर. नियमाचे प्रमाण 1:12 चे आहे, म्हणजे एक चढायला बारा लांबी. 45 सेंटीमीटर चढायला 5.4 मीटर उतार लागतो, शिवाय खाली आणि वर दीड-दीड मीटर सपाट जागा. फोटोतल्या रॅम्पचा चढ 1:5 पेक्षाही खडा आहे. स्वतःच्या हातांनी व्हीलचेअर ढकलणारा माणूस त्यावर चढू लागला की पुढची छोटी चाके उचलली जातात आणि खुर्ची मागे कलंडते. उतरताना तर ब्रेक लावूनही ती घसरते, कारण वर गुळगुळीत ग्रॅनाइट लावला आहे. पावसाळ्यात तिथे धडधाकट माणसानेही जपून पाऊल टाकावे.

दांडा एकाच बाजूला आहे, तोही भिंतीकडच्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेल्या माणसाला चढताना डावीकडे दांडा हवा. तोच माणूस उतरू लागला की त्याची डावी बाजू पलीकडे जाते. म्हणून दांडे दोन्ही बाजूंना आणि दोन उंचींवर, साधारण 90 आणि 75 सेंटीमीटरवर लावायचे असतात. रॅम्प संपल्यावरही ते फूटभर पुढे न्यायचे असतात. हा नखरा नाही. दृष्टिहीन माणसाला उतार संपल्याचे त्या फूटभर दांड्यावरूनच कळते.

‘जागा नव्हती हो’ हे उत्तर ठरलेले आहे. जागा फोटोतच आहे, कुंड्या मांडल्या आहेत तिथे. 2.7 मीटरच्या दोन भुजा, मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा, असा दुमडलेला रॅम्प साधारण 4.2 बाय 2.7 मीटरमध्ये बसतो. पण तो नकाशात काढावा लागतो. जोत्याची उंची जिथे ठरते तिथेच रॅम्पही ठरतो. फरशी बसल्यावर गवंड्याला ‘अरे, इथे एक उतार करून टाक’ सांगितले की तो उरल्या जागेत बसेल तेवढाच करतो. त्यात गवंड्याचा काय दोष?

आणि इथेच समितीचा संबंध येतो. तुमच्या बातमीदाराने दोन समित्यांची सरमिसळ केली आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालक नेमणारी ती स्थानिक स्तर समिती; ती राष्ट्रीय न्यास कायदा 1999 च्या कलम 13 खालची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 72 खालची जिल्हास्तरीय समिती वेगळी. पहिलीकडे पालकत्वाचे अर्ज येतात, त्यामुळे तिला बसावेच लागते. दुसरीकडे अर्ज घेऊन कोणी येत नाही, म्हणून तिची बैठक 3 डिसेंबर, म्हणजे जागतिक दिव्यांग दिन, जवळ आला की आठवते. बातमीत पालकत्वाची प्रकरणे आणि ‘सुगम्यतेबाबत सकारात्मक चर्चा’ एकाच वाक्यात बसवली आहे. नेमकी कोणती समिती बसली होती, हे वाचकाने ओळखायचे.

सकारात्मक चर्चेला कायद्यात जागा नाही, तारखेला आहे. 2016 च्या याच अधिनियमाचे कलम 44 म्हणते की मानकांप्रमाणे नसलेल्या इमारतीला बांधकाम परवानगी नाही, पूर्णत्वाचा दाखला नाही. कलम 45 ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली. नियम निघाले 15 जून 2017 ला. ती मुदत संपली 2022 च्या जूनमध्ये, आणि बातमीत अजून ‘टप्प्याटप्प्याने’ चालू आहे. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 ला सुगम्यतेचा नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्याने बंधनकारक गोष्टी नुसत्या शिफारशी करून ठेवल्या होत्या. दाखले रोखा, दंड लावा, हेही त्याच निकालात आहे. दंडाची तरतूद कलम 89 मध्ये: पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत, पुढे 50 हजार ते 5 लाख. इतिवृत्तात या कलमाचा आकडा तरी टंकला गेला आहे का, हे बातमीदाराने विचारायला हवे होते.

समिती सल्ला देणारी आहे, मान्य. मग सल्ला वेळेवर द्यावा. नकाशा मंजुरीला जातो तेव्हा एकदा, जोते तपासणीच्या दिवशी एकदा आणि भोगवटा प्रमाणपत्राआधी एकदा. जोते तपासायला अभियंता जातोच, त्याच्याबरोबर समितीतला एक व्हीलचेअर वापरणारा आणि एक दृष्टिहीन सदस्य गेला की झाले. अवजारे म्हणाल तर 1.2 मीटरची सरळ फळी, पाणसळ आणि टेप. फळीचे वरचे टोक उतारावर टेकवायचे, पाणसळीने फळी आडवी करायची आणि खालच्या टोकाशी फळीखालचे अंतर मोजायचे. 10 सेंटीमीटरपेक्षा जास्त भरले की रॅम्प नापास. या परीक्षेला सल्लागार कंपनी लागत नाही आणि पॉवरपॉइंटही लागत नाही.

स्वच्छतागृहाच्या दारावरचे व्हीलचेअरचे निळे चित्र बघून समाधान मानणाऱ्यांनी ते दार एकदा उघडून पाहावे. म्हणजे आधी शिपायाकडून किल्ली मिळवावी. आत बहुधा फिनेलचे कॅन आणि खराटे असतात. ते काढले तर कळते की दार आत उघडते. आत माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडते आणि बाहेरच्याला मदत करता येत नाही. भांड्याच्या एका बाजूला 90 सेंटीमीटर मोकळी जागा हवी, खुर्ची तिथे लावून माणूस आडवा सरकतो. तिथे नेमके वॉश बेसिन बसवलेले असते. आधाराच्या दांड्याऐवजी टॉवेल टांगायचा रॉड, चार इंची विटेच्या भिंतीत प्लॅस्टिकच्या गिट्ट्यांवर. पहिल्या माणसाने अंगाचा भार टाकला की तो गिट्ट्यांसकट हातात येतो. भांड्याची बैठक 45 ते 48 सेंटीमीटरवर हवी, म्हणजे खुर्चीच्या पातळीला. कमोडच सगळ्यात बुटका निवडलेला असतो.

दृष्टिहीनांना पायाने वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या फरश्यांचे तेच. रेघा म्हणजे चला, ठिपके म्हणजे थांबा. आपल्याकडे मुख्य रस्त्याच्या पदपथावर सलग ठिपके बसवले आहेत, म्हणजे दृष्टिहीन माणसाने दर पावलाला थांबायचे. आणि जिथे खरोखर थांबायला हवे, त्या विजेच्या डीपीपाशी, फरश्या संपतात. पुढे दुचाक्या चढू नयेत म्हणून लोखंडी खांब ठोकले आहेत, एकमेकांना इतके चिकटून की व्हीलचेअर अडते. दुचाक्या मात्र कडेने आरामात जातात.

पैसे नाहीत असे कोणी म्हणू नये. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवायचे आहेत. मार्च आला की ते वाटून मोकळे व्हायचे, ही रीत. पण सरकारी इमारतीचा चुकलेला रॅम्प तोडून नवा बांधायचा खर्च या निधीवर टाकू नये. ज्याने चुकीचा बांधला त्याच्या बिलातून तो वळता करावा.

जाता जाता तुमच्याविषयी. ही बातमी ई-पेपरात स्क्रीन रीडरला, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येत नाही, कारण पान नुसते चित्र म्हणून चढवले आहे. संकेतस्थळावर मजकूर आहे, पण तिथे पोहोचायच्या आधी तीन जाहिराती बंद कराव्या लागतात आणि त्यांच्या फुलीच्या बटणांना नावच नाही. स्क्रीन रीडर प्रत्येक वेळी फक्त ‘बटन’ म्हणतो. समितीचे इतिवृत्तही असेच, सही-शिक्क्यासह स्कॅन केलेले. मागचे एक तेवढे स्कॅन नव्हते, पण युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होते. डोळ्यांना मराठी, कानाला रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. दृष्टिहीन सदस्याने ते ‘वाचून कायम’ कसे केले असेल?

बातमीत ‘अपंगत्वावर मात’ हा मथळा पुन्हा वापरलात, त्याबद्दल वेगळे पत्र लिहीन. हे छापलेत तर कृपया मजकूर म्हणून टाका, चित्र म्हणून नको. आणि फोटो पुन्हा लावणार असाल तर फरश्या दिसतील एवढा मोठा लावा.

आपला,
एक नियमित वाचक
(नाव छापू नये)