प्रमाणपत्रावर काय छापले आहे ते तरी वाचा

महोदय,

कालच्या अंकात पाचव्या पानावर प्राध्यापकांना ‘पेटंट’ मिळाल्याची बातमी फोटोसकट वाचली. अभिनंदन! भिंग घेऊन पाहिले, तर प्राध्यापकांच्या हातातल्या कागदावर ‘डिझाइन’ असे छापलेले आहे. डिझाइन म्हणजे वस्तूच्या नुसत्या रूपाची नोंदणी, तीही 2000 सालच्या वेगळ्या कायद्याखाली. पेटंटचा अर्जसुद्धा 18 महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये आपोआप प्रसिद्ध होतो, त्यालाही तुमचे बातमीदार ‘पेटंट मिळाले’ म्हणतात. कॉलेजांचे समजू शकतो, त्यांना नॅकच्या मूल्यांकनाच्या आणि एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या तक्त्यात आकडा भरायचा असतो. तुम्हाला कसली घाई?

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, वर्कशॉपमध्ये 27 वर्षे तंत्रज्ञ होतो. नवजात बाळांच्या वॉर्डात सलाइनची सुई हलून इवलेसे हात सुजायचे. तिथल्या एका सिस्टरांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून पाहिली. मी त्यावरून अ‍ॅक्रिलिकची खाच केली, सात-आठ वेळा बिघडली, मग जमली. विभागप्रमुखांनी पेटंटसाठी अर्ज केला. शोधकर्ते चार : साहेब, त्यांचे दोन सहायक आणि साहेबांची कन्या, जी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात दंतवैद्यक शिकत होती. सिस्टरांना गुलाबाचे फूल मिळाले. मला तेही नाही.

विचारले, तर म्हणाले, “पगार घेत होतात ना?” घेत होतो. म्हणून मालकी रुग्णालयाची, हे मान्य. आपल्या पेटंट कायद्यात नोकरदाराच्या शोधाला वेगळे कलमच नाही, सगळा कारभार नेमणूकपत्र आणि सेवाशर्तींवर. पण मालक वेगळा, शोधकर्ता वेगळा. शोधकर्त्याचे नाव लागावे म्हणून कलम 28 आहे आणि तो दावा पेटंट मंजूर होण्याआधी करावा लागतो. हे मला निवृत्तीनंतर कळले. अर्थात मंजुरीपर्यंत गाडी गेलीच नाही. परीक्षकाच्या आक्षेपांना कोणी उत्तरच दिले नाही आणि अर्ज सोडून दिल्याचे धरले गेले. तोवर साहेबांची बढती झाली होती.

माझी जागा अजून भरलेली नाही. वर्कशॉपला कुलूप आहे आणि व्हीलचेअरची चाके सुतळीने बांधलेली मी गेल्याच महिन्यात पाहिली. त्याचाही एक फोटो छापता आला तर पाहा.

ता. क. : कालच्या बातमीत शोधकर्ते चार, फोटोत माणसे आठ. उरलेले चौघे कोण?

— एक निवृत्त तंत्रज्ञ, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)