फेडरल न्यायाधीशपदासाठी अर्ज करण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेच्या फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी, म्हणजे केंद्राच्या खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशपदासाठी, अर्ज करावा का, असं तू विचारलंस. जरूर कर. फक्त एक गोष्ट पक्की समजून घे. तुझी वकिली कामाला येते ती सुरुवातीच्या चाळणीत. पुढचं सगळं त्या वर्षी कोणत्या खुर्चीत कोण बसलंय यावर ठरतं, आणि त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नसतं.

राज्यघटनेत याबद्दल फार थोडं लिहिलंय: राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचं, सिनेटनं संमती द्यायची. वयाची अट नाही, वकिलीच्या पदवीचीसुद्धा नाही. बाकीचा सगळा डोलारा प्रथांवर आणि सिनेटच्या नियमांवर उभा आहे, आणि ते दोन्ही बहुमत हाती असलं की वाकवता येतात. म्हणून पाच वर्षांपूर्वी कुणी दिलेला सल्ला आज जसाच्या तसा धरू नकोस.

तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे ती ब्लू स्लिप. सिनेटच्या ज्युडिशियरी कमिटीचे अध्यक्ष उमेदवाराच्या राज्यातल्या दोन्ही सिनेटरांना संमती विचारणारा एक निळा कागद पाठवतात. साधारण १९१७ पासूनची ही प्रथा. डिस्ट्रिक्ट कोर्टाच्या बाबतीत दोन्ही कागद परत आले नाहीत, तर हिअरिंगच लागत नाही. नकाराचं कारण द्यावं लागत नाही, नुसता कागद दाबून ठेवला की झालं. विस्कॉन्सिनच्या विल्यम पोकन यांचं नाव पाठवताना तिथले सिनेटर रॉन जॉन्सन यांनी स्वतः शिफारस केली होती. २०२२ मध्ये त्याच जॉन्सननी ब्लू स्लिप दिली नाही आणि विषय संपला. तेव्हा सिनेटरची शिफारस मिळाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असं मुळीच समजू नकोस.

सर्किट कोर्टाला, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या वरच्या अपील कोर्टाला, मात्र ही ढाल उरलेली नाही. कमिटीचे अध्यक्ष चक ग्रासली यांनी २०१७ च्या अखेरीस एका सिनेटरचा कागद आला नसताना हिअरिंग घेतली. फेब्रुवारी २०१९ मध्ये एरिक मिलर नवव्या सर्किटवर गेले तेव्हा वॉशिंग्टन राज्याच्या दोन्ही सिनेटरांनी कागद दिले नव्हते. डेमोक्रॅट सत्तेवर आले, त्यांनीही तीच वाट धरली. जुलै २०२५ मध्ये एमिल बोव्ह थर्ड सर्किटवर ५० विरुद्ध ४९ मतांनी गेले, ते आपल्या न्यू जर्सीच्या दोन्ही सिनेटरांचा विरोध असताना. डिस्ट्रिक्टची ब्लू स्लिपही काढून टाका, असा ट्रम्प यांनी ग्रासलींवर उघड दबाव आणला, पण ग्रासलींनी ती ठेवली. मला विचारशील तर ती राहिली ते बरंच झालं. हिच्यामुळे जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि दाव्यांचे ढीग साचतात, हे खरंय. पण दोन पक्षांना एकमेकांशी बोलायला भाग पाडणारी या प्रक्रियेतली ही जवळजवळ शेवटची जागा आहे.

यातून तुझ्यासाठी हिशोब असा निघतो: दोन्ही सिनेटर एका पक्षाचे आणि राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या पक्षाचे असले, तर तुझं नाव दोघांनाही चालणारं हवं. सरकारी वकिलांची नावं अशा वेळी पुढे येतात, कारण त्यांच्या खटल्यांवर पक्षाचा शिक्का सहसा नसतो. डायन गुजराती यांचंच बघ. मॅनहॅटनच्या फेडरल प्रॉसिक्यूटर. ओबामांनी २०१६ मध्ये ब्रुकलिनच्या कोर्टासाठी नाव दिलं, मुदत संपली, नाव परत गेलं. मग ट्रम्प यांनी तेच नाव पुन्हा पाठवलं, आणि सप्टेंबर २०२० मध्ये सिनेटनं त्याला ९९ विरुद्ध ० मतांनी संमती दिली. विरोधात एकही मत नाही, तरी चार वर्षं गेली. सत्राच्या शेवटी अनिर्णित नावं राष्ट्राध्यक्षांकडे परत जातात आणि सगळं नव्यानं पाठवावं लागतं. त्यामुळे निवडणुकीच्या वर्षात उशिरा आलेलं नाव बहुधा बुडतंच.

जागा रिकामी कधी होते, यातही राजकारण आहे. वय ६५ आणि सेवा १५ वर्षं, किंवा दोन्हींची बेरीज ८० होईल अशा बेतानं ७० व्या वर्षी १० वर्षं सेवा, एवढं झालं की न्यायाधीशाला सीनियर स्टेटस घेता येतं: पगार चालू, काम कमी, जागा मोकळी. कित्येक जण आपल्याला नेमणाऱ्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष येईपर्यंत थांबतात. काही जण ‘उत्तराधिकारी मंजूर झाल्यावर’ असं लिहून देतात, आणि मग माघारही घेतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सिनेटमध्ये दोन पक्षांत समझोता झाला: डिस्ट्रिक्टच्या नावांवर मतदान होईल, सर्किटची चार नावं सोडून द्यायची. त्यात थर्ड सर्किटसाठीचे आदिल मांगी होते आणि फोर्थ सर्किटसाठीचे रायन पार्कही. पार्क ज्यांच्या जागी जाणार होते त्या जेम्स विन यांनी डिसेंबरमध्ये आपलं सीनियर स्टेटस मागे घेतलं. जागाच नाहीशी झाली.

आता कागदपत्रांचं. सिनेटरांच्या निवड समितीकडे अर्ज, मग व्हाइट हाउसच्या वकिलांची मुलाखत, न्याय खात्याची तपासणी, एफबीआयची चौकशी. पण खरं काम आहे ज्युडिशियरी कमिटीची प्रश्नावली. तिच्यात आजवर छापून आलेला प्रत्येक लेख, दिलेलं प्रत्येक भाषण, मुलाखती, संस्थांची सभासदत्वं, राजकीय कामं, मालमत्ता आणि कर्जं, आणि तू लढवलेले दहा सर्वांत महत्त्वाचे खटले द्यावे लागतात. खटल्यांबरोबर समोरच्या वकिलांची नावं आणि फोनही. ते फोन खरोखर लावले जातात, म्हणून ज्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं त्याच्याशीही संबंध नीट ठेव.

यादी आजपासूनच कर. सर्किट कोर्टाचे उमेदवार गुडविन लिऊ यांच्या प्रश्नावलीत २०१० मध्ये शंभराहून अधिक नोंदी राहून गेल्या होत्या. विरोधकांनी त्याला लपवाछपवी म्हटलं. पुढच्या वर्षी त्यांचं नाव सिनेटमध्ये अडलं ते अडलंच. सर्किटचेच दुसरे उमेदवार रायन बाउंड्स यांची विद्यार्थीदशेतली लिखाणं वर आली आणि २०१८ मध्ये मतदानाच्या तोंडावर नाव मागे घ्यावं लागलं. मांगी यांना रटगर्सच्या एका अभ्यासकेंद्राच्या सल्लागार मंडळावरून किती छळलं, ते तुला ठाऊक आहेच. कॉलेजच्या मासिकातले तुझे लेख, मराठी अंकात आलेलेही, शोधून काढ. आणि मुलांना सांभाळायला येणाऱ्या बाईंचा पेरोल टॅक्स, म्हणजे पगारावरचा कर, भरलेला असू दे. १९९३ मध्ये झोई बेअर्ड यांचं ॲटर्नी जनरलपद घरकामगारांच्याच प्रश्नावरून गेलं.

हिअरिंगमध्ये डिस्ट्रिक्टचे चार-पाच उमेदवार एकत्र बसवतात आणि प्रत्येक सिनेटरला साधारण पाच मिनिटं मिळतात. लुईझियानाचे सिनेटर जॉन केनेडी परीक्षकासारखे विचारतात. २०१७ मध्ये उमेदवार मॅथ्यू पीटरसन यांना ‘मोशन इन लिमिनी’ (खटल्याआधी एखादा पुरावा वगळण्यासाठी केलेला अर्ज) म्हणजे काय ते सांगता आलं नाही, आणि काही दिवसांत त्यांनी नाव मागे घेतलं. तू रोज कोर्टात उभी राहतेस, तुला ते येतं. पण राज्यघटनेची कलमं क्रमांकानं पाठ कर: पाचवं कलम कशाचं हे २०२३ मध्ये एका अनुभवी न्यायाधीशबाईंनाही आठवलं नव्हतं. नंतर लेखी प्रश्न येतात, शेकड्यानं. उत्तरं कंटाळवाणी असावीत. चमकदार वाक्य हे दुसऱ्या पक्षाच्या हातात दिलेलं हत्यार आहे.

कमिटीत एक आठवडा नाव पुढे ढकलणं नेहमीचंच, त्यानं घाबरू नकोस. पण एका सभासदाची गैरहजेरीही नाव अडकवते. २०२३ मध्ये कमिटीतल्या डेमोक्रॅट सिनेटर डायन फाइनस्टाइन आजारी होत्या, तेव्हा कमिटीत डेमोक्रॅटांचं बहुमत उरलं नाही आणि वादग्रस्त नावं महिनोन्महिने खोळंबली. सभागृहात २०१३ पासून साधं बहुमत पुरतं, आणि २०१९ पासून डिस्ट्रिक्टच्या नावावर क्लोचरनंतरची (चर्चा आवरती घेण्याच्या ठरावानंतरची) चर्चा ३० तासांऐवजी दोनच तास. हा टप्पा आता सोपा आहे.

पुण्याच्या मामाला हे सगळं बाजारासारखं वाटेल. पण आपल्याकडच्या कॉलेजियमसमोर उमेदवाराला कुणी उघड प्रश्न विचारत नाही. इथे निदान कोणी कुणाला अडवलं ते नावानिशी कळतं.

पगार २०२५ मध्ये २,४७,४०० डॉलर होता. मोठ्या फर्ममधल्या तुझ्या मैत्रिणी हसतील, हसू दे. अर्ज केलास की घरच्यांखेरीज कुणाला सांगू नकोस, आणि महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर शपथविधी होईपर्यंत अक्षरही नको.

तुझी,
आई