म्हसवडच्या आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

पिकअपमध्ये दुसरी बॅटरी बसवून दिलीत, पैसे घेतलेत, तुमच्या लेखी विषय संपला. माझ्या लेखी संपलेला नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्याआधी मेंढ्यांना आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होऊन मेंढी दगावते त्या रोगाची, लस टोचायची, तर ती 2 ते 8 अंशांतच ठेवावी लागते. तापलेली लस बाटलीत पाहून ओळखू येत नाही. मेंढपाळाला कळतं ते कळपात मरतूक सुरू झाल्यावर. गाडी कळपाशेजारी तासन् तास बंद उभी असते आणि 12 व्होल्टचा फ्रीज मात्र चालूच हवा. एकाच बॅटरीवर हा कारभार केला, तर संध्याकाळी गाडी सेल्फ घेत नाही, आणि त्या माळावर धक्का मारायला माणसं मिळत नाहीत.

दुसऱ्या एका ठिकाणी मला दोन्ही बॅटऱ्या जोडायला-तोडायला हाताने फिरवायचा स्विच सुचवला होता. तुम्ही साफ नको म्हणालात. "डॉक्टरबाई, दिवसभर उन्हात राबल्यावर स्विच कुणाच्या ध्यानात राहतो? हे आपोआपच झालं पाहिजे." आणि व्होल्टेज ओळखणारा रिले, म्हणजे आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, लावलात. मीटर माझ्या हातात देऊन गाडी चालू केलीत. पुढच्या बॅटरीचा आकडा चढत 13.3 व्होल्टच्या पुढे गेला, टक् आवाज झाला आणि मागची बॅटरी चार्जिंगला लागली. इंजिन बंद केल्यावर आकडा हळूहळू 12.8 वर उतरला, पुन्हा टक्, दोघी वेगळ्या. आता फ्रीज काय खाईल ते मागच्या बॅटरीचं, पुढची सेल्फसाठी राखीव.

दोन्ही बॅटऱ्यांमधली वायर 16 चौरस मिलिमीटरची, तांब्याचीच घेतलीत. बारीक वायरीत मागे पोहोचेपर्यंत व्होल्टेज पडतं, हे तेव्हा समजलं. फ्यूज दोन लावलेत, दोन्ही बॅटऱ्यांपाशी एकेक, कारण त्या वायरीला करंट दोन्ही टोकांकडून येतो. पत्र्यातून वायर जिथे आत शिरते तिथे रबराचं बूच बसवलंत. ते मी सांगितलेलं नव्हतं, बिलातही नव्हतं. खाचखळग्यांच्या रस्त्यावर पत्र्याची धार वायरीचं कातडं सोलते आणि गाडी पेट घेऊ शकते. काका, त्या बुचासाठी तुमचे खास आभार.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तेव्हासाठी घरचा चार्जरही तुम्हीच निवडून दिलात: बॅटरी भरली की स्वतःच 13.6 व्होल्टवर उतरणारा. अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, हे तुमच्याकडून ऐकल्यापासून तो न चुकता लावते.

माझ्या सहकाऱ्यांची गाडी तुमच्याकडे पाठवते आहे. ती नवी आहे, तिचा डायनॅमो कॉम्प्युटरच्या हुकमावर व्होल्टेज कमी-जास्त करतो. तिथे हा रिले भरवशाचा नाही, डीसी-डीसी चार्जर, म्हणजे येणारं व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी मागच्या बॅटरीला हवं तेवढंच देणारा, लागेल, असं तुम्ही म्हणाला होतात. लसीकरण तोंडावर आलंय, तेवढी लवकर हातावेगळी करा.

आपली,
मेंढ्यांची डॉक्टरबाई